लाल फडक्यामागचं बंदर

जगाचा इतिहास हा अखेर समुद्राचा इतिहास आहे. ज्यांनी शिडं उभारली त्यांनी राज्यं कमावली, आणि ज्यांनी किनारा सोडला नाही त्यांना इतिहासाने तळटिपेत टाकलं. धामणगाव बढे हे गाव तळटिपेतही नव्हतं. समुद्र पाहायचा तर आधी मलकापूर स्टेशन गाठायचं, मग रात्रभर गाडीत उभं राहायचं, आणि एवढं करून जे पाणी दिसे ते पिता येत नाही हे कळल्यावर गावाने तो विषय कायमचा मिटवला होता. गावात पोहता येणारे तिघे होते. त्यातले दोघे विहिरीत पडले म्हणून शिकले होते.

त्या गावच्या बैलबाजारात १९६३ च्या वैशाखात एक जहाज आलं.

आणलं गुलाम रसूलने. गुलाम रसूल हा कल्हईवाला. आज धामणगाव, उद्या दुसरं गाव, असा बाजारामागे बाजार फिरून लोकांची भांडी चमकवायचा. त्याचा मेहुणा मुंबईला गोदीजवळ भंगार घ्यायचा. कोण्या बोटीवरून उतरलेली एक पत्र्याची पेटी त्याने गुलाम रसूलच्या गळ्यात मारली. पेटी चिनी होती. चीनशी लढाई थांबून सहा महिनेही झाले नव्हते, गावाने संरक्षण फंडाला वर्गणी दिली होती, आणि शाळेतल्या मास्तरांनी चिनीमातीच्या बरणीतलं लोणचं खाणं सोडलं होतं. तेव्हा गुलाम रसूलने पेटीवरच्या चिनी अक्षरांवर पांढरा रंग फासला आणि वर लिहिलं, ‘मेड इन जपान’. पण रंग पातळ पडला. सकाळी पेटी जपानी असे. दुपारचं ऊन चढलं की खालची काळी अक्षरं हळूहळू वर येत.

खेळ मात्र झकास होता. पेटीला पुढून काच. काचेमागे कागदाची लांबच लांब गुंडाळी, तिच्यावर रंगवलेला समुद्र. डाव्या हाताने दांडा फिरवला की समुद्र पुढे सरके. काचेच्या मधोमध तीन डोलकाठ्यांचं पत्र्याचं जहाज. उजवीकडची चक्री फिरवली की ते खडक चुकवायला इकडेतिकडे वळे. बंदर आलं की आत घंटी वाजे. मग पेटीच्या खालच्या अंगाला एक वाटोळं भोक होतं, त्यावर लाल फडकं. त्यात हात घालायचा आणि हाताला येईल ती पत्र्याची चकती काढायची. कोणावर चहाचं पान, कोणावर रेशमाचं रीळ, कोणावर मिरी. पुढच्या बंदरात ती चकती आत द्यायची आणि दुसरी घ्यायची. असा व्यापार करत करत शेवटी कोरा समुद्र लागे. तिथे नुसता पांढरा कागद. तिथवर बुडाल्याविना पोचला त्याने एखादं बेट शोधलं असं समजायचं, आणि गुलाम रसूल कानावरची पेन्सिल काढून, काच सरकवून, तो सांगेल ते नाव कागदावर लिही. दोनच बाजारांत त्या समुद्रात ‘सासरवाडी’, ‘भाऊरावचं वावर’ आणि ‘इथं येऊ नये’ अशी तीन बेटं झाली होती. त्यापुढे दांडा अडे. कागद संपे.

डावाला दहा नवे पैसे. बैल विकून आलेला माणूस दहा पैसे मोजून समुद्रावर जाई आणि घामाघूम होऊन परत येई.

मोतीराम दलाल त्या वाटेला गेला नव्हता. बैलबाजारातला तो सगळ्यात वजनदार माणूस, वय पंचावन्न, पांढरीफेक पैरण, खांद्यावर घडी घातलेला दुपट्टा. त्याची सगळी दौलत उजव्या हातात होती. या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोन्हीकडचे दलाल समोरासमोर बसत, हातांवर दुपट्टा टाकत आणि खाली बोटं दाबून भाव ठरवत. एक बोट दाबलं तर एक शेकडा, दोन दाबली तर दोन. वर तोंडं कोरी. सगळा पंजा करकचून आवळला की सौदा पक्का. मग दुपट्टा काढायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुपट्ट्याखाली साक्षीदार नसतो. म्हणून तिथे माणसाचा शब्द हीच साक्ष, आणि शब्द फिरवणारा माणूस बाजारातून उठला असं समजायचं. तीन बाजारांनंतर मोतीरामला पागोटं बांधून बाजाराचा पंच करायचं ठरलं होतं. दुपट्ट्याखालचे तंटे तो मिटवणार होता. आयुष्यभर त्याने याच एका गोष्टीची वाट पाहिली होती.

आता दुपट्ट्याखालचा एक तंटा मोतीरामचा स्वतःचाच होता. तो त्याने अकरा वर्षांपूर्वी मिटवला होता.

समोर विकणाऱ्याच्या बाजूने किसनराव दलाल बसला होता. किसनरावच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं होतं. कडबा तोडताना विळ्याखाली गेलेलं. बोलायला कमी, तंबाखूचा शौकीन. तंबाखू स्वतःची, चुना मात्र कायम दुसऱ्याचा. सौदा पक्का झाला की हात सोडण्याआधी तो अंगठ्याने समोरच्याच्या तळव्यावर दोनदा घासायचा. म्हणजे झालं, आता चुना काढा. सगळ्या बाजाराला ती खूण माहीत होती. मोतीराम तंबाखू खात नसे, पण किसनरावसाठी चुन्याची डबी ठेवी.

त्या दिवशी मोतीरामने चार बोटं दाबली, पंजा आवळला, दुपट्टा काढला आणि मोठ्याने सांगितलं, “तीन.”

किसनराव म्हणाला, “चार.”

“दुपट्ट्याखाली कोन पाह्यलं?” मोतीराम हसत म्हणाला. “अर्ध्या बोटाच्या मानसाले अर्धंच समजते.”

बाजार हसला. एवढंच झालं. कोणी किसनरावला खोटारडा म्हटलं नाही, कोणी अंगावर गेलं नाही. फक्त पुढच्या बाजारापासून त्याच्या दुपट्ट्याखाली कोणी हात घातला नाही. अख्खा हंगाम तो चिंचेखाली मांडीवर दुपट्टा पसरून बसे आणि संध्याकाळी घडी घालून घरी जाई. मग एके दिवशी तो मुंबईला निघून गेला. गोदीत हमाली करतो असं एक कार्ड आलं, बोटीवर चाललो असं दुसरं आलं, आणि तिसरं आलं नाही. त्याची बायको मंजुळाबाई चिंचेपलीकडे वांगी-कांदे विकायला बसू लागली. कुंकू तिने पुसलं नाही. मोतीराम तिच्याकडून भाजी घेत नसे. तिचा काटा चांगला नाही, असं घरी सांगे.

तर त्या वैशाखातल्या बाजारी, दुपारी, गुलाम रसूलने मोतीरामला गाठलं.

“मोतीरामभाऊ, आता तुम्ही पंच होऊन राह्यले. एक डाव तुमच्या हातचा होऊन जाऊ द्या. गिऱ्हाईक वाढंन माहं.”

“मले काय करायचं बे पान्यात जाऊन,” मोतीराम म्हणाला. पण भोवती चार माणसं होती, आणि चार माणसांसमोर नाही म्हणणं पंचाला शोभत नाही. तो स्टुलावर बसला.

जन्मात जहाज न पाहिलेला हा माणूस असा काही खेळला की गर्दी जमली. खडक त्याने बैल वळवावा तसे डावी-उजवी करून चुकवले. चहा देऊन रेशीम घेतलं, रेशीम देऊन मिरी घेतली. सासरवाडी मागे पडली. भाऊरावचं वावर मागे पडलं. ‘इथं येऊ नये’ मागे पडलं. दांडा अडायला हवा होता.

दांडा अडला नाही.

“कागद संपला ना इथं?” कोणीतरी विचारलं. गुलाम रसूलने कानावरची पेन्सिल हातात घेतली होती आणि ती तो नुसतीच फिरवत होता. कागद येतच होता, पांढरा, कोरा, आणि दांडा आता हलका लागत होता, जणू आतून कोणी ओढून घेत होतं. मग पांढऱ्यात एक राखी रेघ आली. रेघेचा किनारा झाला. किनाऱ्यावर एक झाड आलं, बारीक कुंचल्याने काढलेलं, चिनी चित्रात असतं तसं वाकडं.

“खजुरी हाय,” गर्दीतला एक जण म्हणाला.

ती खजुरी नव्हती. मोतीराम त्या झाडाकडे पाहत होता. चिंच होती. तिची डावी फांदी मोडलेली होती. बाजारातल्या चिंचेची डावी फांदी दोन वर्षांपूर्वी वीज पडून मोडली होती. चित्रातल्या झाडाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा एक माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर पांढरं काहीतरी पसरलेलं होतं.

घंटी वाजली.

बंदर आलं की हात घालायचा. मोतीरामने लाल फडक्यात हात घातला. चकती लागली नाही म्हणून आणखी आत घातला. मनगट गेलं. मग कोपर गेलं. आत गार होतं, दमट होतं, आणि फडक्याच्या कडेने खारट वास येत होता, सुकवलेल्या मासळीचा असतो तसा.

मग त्याचा हात कोणीतरी धरला.

धरणारा दलाल होता. हे मोतीरामला आधी कळलं. भीती नंतर आली. हात झटकन धरला नव्हता. आधी अंगठा, मग बोटं, अशा बेताने धरला होता. समोरच्याने एकामागून एक चार बोटं दाबली. दाबणाऱ्या हाताचं एक बोट अर्धं होतं.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने किंचाळून हात काढला असता. पण मोतीरामने तीस वर्षं एकच काम केलं होतं. समोरून चार आले की त्याच्या बोटांना डोक्याची परवानगी लागत नसे. डोकं अजून घाबरतच होतं, तोवर त्याच्या हाताने तीन दाबली.

आतला हात क्षणभर थांबला.

मग त्याने सगळा पंजा करकचून आवळला. सौदा पक्का. आणि सोडण्याआधी अंगठ्याने मोतीरामच्या तळव्यावर दोनदा घासलं.

मोतीरामने हात बाहेर काढला तेव्हा हातात चकती नव्हती. गर्दीने विचारलं, काय माल भेटला. तो म्हणाला, काही नाही. गुलाम रसूलने न मागता त्याचे दहा पैसे परत दिले.

घरी सुभद्राबाईंनी नवऱ्याची पैरण पाहिली आणि विचारलं, बाजारात गेले होते का विहिरीवर. उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. वाळल्यावर तिच्यावर पांढरी रेघ उमटली. सुभद्राबाईंनी जिभेला लावून पाहिलं, आणि बाही तीनदा धुतली. रेघ गेली नाही.

पुढच्या बाजारी भाऊरावची जोडी होती. ज्याच्या वावराला समुद्रात जागा मिळाली होती तोच हा भाऊराव. दोघे बसले, दुपट्टा पडला, आणि भाऊरावने निखाऱ्याला हात लागल्यासारखा हात मागे घेतला. त्याने दुपट्टा उचलून मोतीरामचा हात पाहिला. उलटा करून पाहिला. पाचही बोटं पुरी होती.

“काय झालं बे?”

“काही नाही,” भाऊराव म्हणाला. “जोडी इकायची नाही आज.” आणि बैल घेऊन गेला. जाताना तो हात धोतराला पुसत होता.

त्या बाजारी आणखी दोघांनी दुपट्ट्याखाली हात घातला आणि दोघांनी काढून घेतला. दुसऱ्या बाजारी एकानेच घातला. तो म्हातारा दलाल होता, किसनरावबरोबर वीस वर्षं बसलेला. त्याने हात लगेच काढला नाही. डोळे मिटून त्याने ते अर्धं बोट मुळापासून टोकापर्यंत चाचपलं, आणि मग हळूच विचारलं, “किसन, तू हायेस का बे?”

मोतीराम उठला तो थेट गुलाम रसूलकडे गेला. म्हणाला, पेटी उघड, आत कोण आहे ते पाहू दे. गुलाम रसूलने मुकाट्याने मागचा पत्रा काढला. आत दोन गुंडाळ्या, चार स्प्रिंगा, एक घंटी. लाल फडक्यामागे चकत्या ठेवायची पत्र्याची वाटी होती. ती चार बोटं खोल होती. मोतीरामने हात घालून पाहिला. बोटांची टोकं पत्र्याला टेकली आणि तळवा बाहेरच राहिला.

“त्या दिवशी तुमचा हात कोपरापावतर गेला होता, भाऊ,” गुलाम रसूल म्हणाला. “म्या पाह्यलं. मले झोप नाही तवापासून.”

मग त्याने कागद शेवटपर्यंत फिरवून दाखवला. दांडा अडला. किनारा होता, चिंचही होती. खाली कोणी बसलेलं नव्हतं.

“पेन्सिलीचं नाही हे,” तो म्हणाला. “खोडून पाह्यलं. ज्याले उतरायचं होतं तो उतरला, असं समजा.”

तिसरा बाजार पागोट्याचा होता.

चिंचेखाली सतरंजी होती, परातीत गुलाबी पागोटं होतं, जुने दलाल ओळीने बसले होते. त्यांच्यात सगळ्यात थोरले नारायणराव. रिवाज असा की पागोटं बांधण्याआधी थोरल्याने नव्या पंचाशी दुपट्ट्याखाली हात मिळवायचा. दुपट्टा अंथरला होता. नारायणराव आपला हात मांडीवर ठेवून बसले होते. तो पुढे येत नव्हता.

सगळा बाजार त्या हाताकडे पाहत होता. मोतीरामही पाहत होता. आणि त्याच्या लक्षात आलं की सुटायची एकच वाट आहे. ती अकरा वर्षं त्याच्या समोरच होती, फक्त तिच्यावर त्याने दुपट्टा टाकलेला होता.

तो उभा राहिला.

“अकरा वर्सामांगं किसनरावचा सौदा झाला होता,” तो मोठ्याने म्हणाला. “म्या चार दाबले होते. तीन सांगतले. किसनराव खरा होता.”

बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. चिंचेपलीकडे मंजुळाबाईच्या हातातला काटा अधांतरी राहिला.

नारायणराव अगदी मायेने म्हणाले, “दुपट्ट्याखाली कोन पाह्यलं, मोतीराम?”

कोणीतरी हसलं.

मोतीरामने शपथ घेतली. दुसरं कोणीतरी म्हणालं, ऊन लागलं असंन. तिसरा म्हणाला, हात बाधला म्हणून आता बोलून राह्यला. मग बाजार हसला. फार नाही, अकरा वर्षांपूर्वी हसला होता तेवढाच. पागोटं परातीसकट उचललं गेलं. सतरंजी गुंडाळायची होती, म्हणून मोतीरामला जरा बाजूला सरकायला सांगितलं.

तो चिंचेच्या बुंध्याशी बसला. सवयीने त्याने दुपट्टा मांडीवर पसरला आणि उजवा हात त्याखाली ठेवला. माणसं बैल घेऊन समोरून जात होती. त्याच्या जागेला वळसा घालून जात होती.

उन्हं कलली.

मंजुळाबाई उठली. तिने काटा टोपल्यात ठेवला, वांग्यांवर ओलं पोतं टाकलं आणि सावकाश चालत येऊन ती मोतीरामसमोर बसली. आता ती शिव्या घालणार म्हणून दोन-चार माणसं थांबली.

“वैनी,” मोतीराम म्हणाला. “चारच होते.”

“मले ठाऊक हाय.”

तिने दुपट्ट्याखाली हात घातला.

कापड हललं. तिचा हात पुढे सरकलेला मोतीरामला वरून दिसला. तो त्याच्या हातापर्यंत पोचला. कापडाखाली दोन हात एकमेकांत गुंतले, बोटांवर बोटं फिरली. सगळं त्याला दिसत होतं.

त्याच्या हाताला मात्र काहीच लागत नव्हतं.

मंजुळाबाईने डोळे मिटले होते. तिचा चेहरा हलत नव्हता. मोतीरामने हात ओढून पाहिला. तो आला नाही. तो त्याचा नव्हताच.

मग कापडाखाली अंगठ्याएवढं काहीतरी सरकलं. एकदा. पुन्हा एकदा.

मंजुळाबाईने डोळे उघडले. तोंडाला पदर लावून तिने मान थोडी हलवली, जुन्या खोडीला बायको हलवते तशी. दुपट्ट्याखालचा हात न सोडता तिने दुसरा हात मोतीरामपुढे पसरला.

“मोतीरामभाऊ,” ती म्हणाली, “डबीत तेवढा चुना असंन तं द्या. हे मांगून राह्यले.”